आजीच्या पाटल्या आणि स्टेशनकडचा सराफ

तुम्ही विचारलंय: घोडबंदर रोडला नवीनच राहायला आलोय, आजीच्या दोन पाटल्या मोडून बायकोला मंगळसूत्र करायचंय, मोठ्या शोरूमला जावं की ठाणे स्टेशनकडच्या एखाद्या जुन्या सराफाकडे? आणि ही छोटी दुकानं अजून चालतात तरी कशी?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

आमचं दुकान जांभळी नाक्याच्या बाजूला, रुंदी नऊ फूट. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची. आजोबांनी मांडलं, बाबांनी वाढवलं आणि गेली बारा वर्षं गादीवर मी बसते. अजूनही आठवड्याला एखादं गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, "शेठ नाहीत का?" मी म्हणते, "आहेत की, बोला." मग ते पुन्हा आत बघतं.

लोकांना वाटतं आम्ही सोनं विकून पैसा करतो. सोन्यात आम्हाला फारसं काही सुटत नाही. भाव सगळ्या बाजाराचा एकच. आज दोन तोळे विकले तर आजच दोन तोळे घेऊन ठेवावे लागतात, कारण उद्या भाव चढला तर विकलेलं सोनं परत घेतानाच नफा खलास. सुटते ती मजुरी, आणि त्यातूनही कारागिराची वजा होते. मोठी दालनं शेकडो किलोंची उलाढाल करतात, जाहिरातीत हिरॉइन उभी करतात. तिथे आमचा टिकाव लागायचा नाही, आणि आम्ही तो प्रयत्नही करत नाही.

आमच्याकडे माणूस पहिल्यांदा येतो तो तुटलेली वस्तू घेऊन. साखळीची कडी निखळली, नथीची तार वाकली, कुडीचं मळसूत्र झिजलं, जोडवी बोटात रुतली. शोरूमवाले अशी कामं टाळतात किंवा "पंधरा दिवसांनी या" म्हणतात. आम्ही समोर बसवून करून देतो. पन्नास-शंभर रुपयांचं काम, कधी तेही घेत नाही. बाबा म्हणायचे, दुरुस्ती हीच आपली जाहिरात. मला आधी ते भाबडं वाटायचं. मग एकदा मी वर्षाच्या पावत्या घेऊन बसले आणि मोठ्या ऑर्डर दिलेल्यांची नावं दुरुस्तीच्या वहीत शोधली. निम्म्याहून जास्त सापडली.

दुसरं काम म्हणजे बाळांचे कान टोचणं. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण आहे, पण आमच्याकडे तो अक्षरशः धंदा आहे. हल्ली बरेच जण डॉक्टरकडे जातात, तेही बरोबरच आहे. तरी आज्या ऐकत नाहीत. बाळ बाराव्या दिवशी येतं, आमचे बाबा सोन्याची तार घेतात, बाळाची आई तोंड फिरवते, बाळ किंचाळतं आणि दोन मिनिटांत आटोपतं. पंचवीस वर्षांनी तेच बाळ लग्नाचं सोनं बघायला येतं आणि बाबा त्याच्या कानाकडे बघून म्हणतात, "भोक सरळ आलंय." हे ते प्रत्येकाला म्हणतात. सरळ आलं नसलं तरी.

मग चेंदणी कोळीवाड्यातली, बाळकुम-ढोकाळीकडची जुनी घरं. ही माणसं सोनं डोळ्यांनी घेत नाहीत, हाताने घेतात. एक आजी आहेत. तळहातावर गोठ (हातातलं जाड कडं) तोलतात आणि ग्रॅममध्ये नव्हे, गुंजांत वजन सांगतात. मग आम्ही काट्यावर ठेवतो. फारशा चुकत नाहीत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे शाळेत कुणी शिकवत नाही. मी त्यांच्याकडून शिकले.

आता ताज्या बातम्यांचं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. त्या दिवशी दुकानाचा फोन खाली ठेवता येत नव्हता. भाव उतरला, लोक धावले, आणि आम्ही मात्र आदल्या दिवशी चढ्या भावाने भरलेल्या मालाकडे बघत बसलो. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, दहा ग्रॅमने लाख ओलांडला, आणि त्या धनत्रयोदशीला तो एक लाख तीस हजारांच्या आसपास होता. तेव्हापासून दुकानात येणाऱ्यांची दिशाच बदलली. पूर्वी दहांतले आठ घ्यायला यायचे आणि दोन मोडायला. मोडायला येणारी बाई दुपारी यायची, पिशवी पदराखाली धरून, आणि आधी दुसरं कुणी दुकानात नाही ना ते बघायची. आता लोक मोड घेऊन ऐन संध्याकाळी येतात, मोठ्याने बोलतात, मोबाइलवर भाव दाखवतात. त्यातली लाज गेली, हे एका अर्थी बरंच झालं.

आणि दागिने हलके झाले. पाच-सहा ग्रॅमचं मंगळसूत्र, १८ कॅरेटची साखळी. जुलै २०२५ पासून तर ९ कॅरेटलाही हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत ठसा, मिळतो. बाबा हे ऐकून बराच वेळ हसत होते. कारण असं, की आजोबा मुळात कारागीर. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. लोकांना १४ कॅरेट नको होतं, हातातलं काम गेलं. देशभर सोनार देशोधडीला लागले. आजोबा चांदीकडे वळले. पैंजण, निरांजनं, देव्हाऱ्यातले खंडोबाचे आणि भवानीचे टाक. पुढे १४ कॅरेटची अट गेली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. पण घरात "चौदा कॅरेट" हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. एखादा नातेवाईक लबाड निघाला की तो चौदा कॅरेटचा. आणि आज लोक आपणहून ९ कॅरेट मागतात. मोरारजीभाईंना कायद्याने जे जमलं नाही ते भावाने करून दाखवलं.

कारागिरांबद्दल लिहायला बसले तर वेगळं उत्तर होईल. एवढंच सांगते, की आमच्या माळ्यावर आता बंगालचा कारागीर बसतो आणि ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी आजोबांच्या नमुन्यावरून हुबेहूब करतो. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, म्हणजे टाळेबंदीचा पहिलाच दिवस. महिनाभराने अक्षय्य तृतीयाही बंद शटरमागे गेली. वर्षाचे दोन मोठे मुहूर्त बुडाले. तो कारागीर गावी गेला आणि आम्हाला वाटलं, परत येत नाही. दिवाळीच्या आधी आला, तेव्हा पहिलं काय केलं असेल तर माळा झाडून धूळ डब्यात भरली. आमच्याकडची धूळ कचऱ्यात जात नाही. त्यात कानशीचा कीस असतो. झारेकरी ती वजनावर घेऊन जातात आणि धुऊन सोनं काढतात.

असो. तुमच्या पाटल्या.

घरात "चार तोळ्यांच्या" असं सांगितलं जात असेल तर आधी विचारा, कुठला तोळा? जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुने चार तोळे म्हणजे साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर. यातले सहा-साडेसहा ग्रॅम हिशेबात हरवले तर आजच्या भावाने ती लहान रक्कम नाही. थोडी झीज झालेली असेलच, पण सहा ग्रॅम झिजत नाहीत. काट्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का आहे का, तेही बघा. विचारलं म्हणून चिडणाऱ्याकडे थांबू नका.

जुन्या पाटल्यांवर हॉलमार्क नसणार, त्यात काही बिघडत नाही. घरातलं जुनं सोनं ठेवायला किंवा मोडायला हॉलमार्क लागत नाही. आधी शुद्धता कळून घ्यायची असेल तर भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) मान्यता असलेल्या केंद्रात जा, चार नगांपर्यंत दोनशे रुपयांत तपासून मिळतं. दुकानातलं क्ष-किरणांचं मशीन वरचा थरच वाचतं आणि जुन्या कामात सांध्यात डाक (सांधायला लावलेला मिश्र धातू) बरीच असते. म्हणून पाटल्या तुमच्यासमोर आटवून म्हणजे वितळवून, लगड (कांडी) करून, मग टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, काढायला सांगा. आटणीच्या वेळी तिथून हलू नका. चहा आला तरी.

आता हिशेब. समजा आटवून ४६ ग्रॅम भरले आणि टंच ९०.५ निघाला. म्हणजे शुद्ध सोनं ४१.६३ ग्रॅम. नवीन दागिना ९१.६ चा, म्हणजे बावीस कॅरेटचा, तर तुमच्या नावावर साधारण ४५.४५ ग्रॅम जमा व्हायला हवेत. टंच काढून झाल्यावर वर पुन्हा "पाच टक्के घट" असं कुणी लावत असेल तर उठा. हे छोट्या दुकानांत होतं आणि चकचकीत दालनांतही होतं. आमच्या व्यवसायातली ही सगळ्यात जुनी खोड आहे, मी नाकारणार नाही.

मंगळसूत्र घेताना काळ्या मण्यांचं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नाही ना ते बघा. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं हवं, तसंच मजुरी वेगळी लिहिलेली हवी. जीएसटी तीन टक्के, आणि तो नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, मोड वजा जाता उरलेल्या फरकावर नाही. यावरून आमच्याकडे रोज एक भांडण होतं, म्हणून आधीच सांगितलं. दागिन्यावर मानक ब्युरोचं चिन्ह, 'बावीस के ९१६' आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, हे तीन ठसे असतात. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून दुकानातच बघा. ठशापेक्षा शुद्धता कमी निघाली तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई मागता येते. "केडीएम आहे, चालतं" असं म्हणणारे अजून भेटतील. केडीएम म्हणजे कॅडमियमची डाक. तिच्या धुराने कारागिराची फुप्फुसं जातात, आणि शुद्धतेचा तो पुरावाही नाही.

काही छोटे दुकानदार सांगतील, आमची उलाढाल वर्षाला चाळीस लाखांच्या आत, आम्हाला हॉलमार्कमधून सूट आहे. सूट खरीच आहे. पण तोळा एक लाख तीस हजारांचा धरला तरी चाळीस लाख म्हणजे वर्षभरात जेमतेम तीस-एकतीस तोळे. तेवढंच विकणाऱ्याचं लाइटबिलही निघायचं नाही. तेव्हा ऐका आणि पुढे चला.

भिशीबद्दल, म्हणजे सराफाकडे दरमहा हप्ता भरून शेवटी सोनं घ्यायच्या योजनेबद्दल, तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण मंगळसूत्राच्या बिलासोबत कुणीतरी तो फॉर्म पुढे करेलच. या योजना अकरा महिन्यांच्या का असतात माहितीये? वर्षाच्या आत माल दिला तर ती आगाऊ रक्कम कायद्याने ठेव धरली जात नाही, म्हणून. म्हणजे ठेवीला जे संरक्षण असतं तेही नाही. २०१९ च्या दिवाळीत आपल्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात एका मोठ्या पेढीच्या दालनांना टाळं लागलं आणि बंद शटरसमोर रांगा लागल्या. त्यातल्या दोन बायका आमच्याकडे येऊन नुसत्याच बसल्या होत्या. आम्ही भिशी चालवत नाही. आधीही नव्हतो.

तर शोरूम की आम्ही? हिरा घ्यायचा असेल तर खुशाल शोरूमला जा. प्रमाणपत्र, निवड, परत घ्यायची अट, सगळं तिथे नीट असतं. मोड असेल, जुन्या घाटाचं काम हवं असेल, तर जिथे आटणी डोळ्यांसमोर होते तिथे जा. ते दुकान नऊ फुटांचं असेल किंवा नव्वद फुटांचं.

अजून एक. आटवायच्या आधी पाटल्यांची आतली बाजू भिंगातून बघा किंवा बघून घ्या. जुने सोनार तिथे आपला शिक्का मारायचे. नक्षी हाताने ठोकलेली असेल तर तसं काम आता मजुरी देऊनही मिळणं कठीण आहे. तुमचं मंगळसूत्र एका पाटलीतही आरामात होईल. दोन्ही मोडायच्या की एक, हे बायकोलाच ठरवू दे. आमच्या अनुभवात नवरा दोन म्हणतो आणि ती एक.

येताना जुनी पावती सापडली तर आणा. नसेल तर आधार कार्ड आणि शक्य असल्यास आई किंवा वडील सोबत. अपमान वाटून घेऊ नका. ओळख नसलेल्या माणसाकडून बिनपावतीचं सोनं घेतलं आणि ते चोरीचं निघालं तर पोलीस आधी सराफाच्या दारात येतात. आणि दुपारी एक ते साडेचार येऊ नका. आपल्याकडची जुनी दुकानं त्या वेळात बंदच असतात, बाबा झोपलेले असतात.