गाडीचं विचारा : ढोल हलके, वारा जड

प्रश्न : काका, आमच्या ढोल-ताशा पथकाचा सहा बाय बारा फुटांचा बंद ट्रेलर माझ्याच २००८ च्या टोयोटा फोररनरला जोडला जातो. व्ही-सिक्स इंजिन, दीड लाखाच्या वर मैल झालेत. जुलैपासून दर शनिवारी सराव. गणपतीत टुसॉन, फ्लॅगस्टाफ आणि लॉस एंजेलिसची सुपारी. कंपनी म्हणते गाडी ५,००० पौंड ओढेल, आमचा भरलेला ट्रेलर जेमतेम २,५००. तरी गेल्या वर्षी चढाला इंजिनचा काटा वर सरकला आणि परतताना ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागला. गाडी विकून पिकअप घेऊ का?
– एक वाचक, चँडलर, ॲरिझोना

उत्तर : पिकअपचं नंतर बघू. आधी तो ५,००० चा आकडा डोक्यातून काढा. तुमची गाडी बनली तेव्हा प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या हिशेबाने छापायची. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेचं ‘जे २८०७’ हे सामाईक मोजमाप टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून लावलं, तर त्यांच्याच टुंड्रा पिकअपचे आकडे खाली आले. या चाचणीत शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, तुमच्याच राज्यातला डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ चढावा लागतो. आणि तिथे गाडी नवी कोरी असते, तुमची सतरा-अठरा वर्षं राबलेली आहे.

पण तुमचं दुखणं वजनाचं नाहीच. ढोल म्हणजे पोकळ पिंप. तुमचं इंजिन झगडतंय ते ट्रेलरच्या सपाट तोंडावर आदळणाऱ्या हवेशी. वेग सत्तरवरून साठवर आणा, हवेचा विरोध जवळजवळ पाव हिश्शाने कमी होतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर असताना तसाही कायदा पंचावन्नचाच आहे, आणि लॉस एंजेलिसच्या वाटेवर बॅनिंगच्या खिंडीत पवनचक्क्या दिसायला लागल्या की त्याहूनही हळू. त्या काही शोभेला उभ्या केलेल्या नाहीत.

झुलण्याचं कारण बहुधा सामान भरण्यात आहे. पथकं कसं भरतात ते मी पाहिलंय. मोठे ढोल आधी आत सरकवतात, मग ताशे, आणि निघायच्या घाईत पाण्याचे क्रेट, स्पीकर, जनरेटर आणि ध्वजाचे लोखंडी पाइप मागच्या दाराशी कोंबतात. जड ते सगळं शेपटाला! याच्या बरोबर उलटं करा. जड सामान ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, पुढे, ढोल मागे, आणि सगळं पट्ट्यांनी आवळलेलं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतो त्या सांध्यावर, यायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत २५० ते ३७५ पौंड. ट्रक-स्टॉपच्या वजनकाट्यावर एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून गाडी उभी करा. गाडीच्या चाकांवरच्या वजनातला फरक म्हणजे हा भार. तरीही झुललाच तर ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्या.

हा भार गाडीच्या स्वतःच्या वजनमर्यादेतही मोजला जातो, हे कुणी सांगत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून किती, ते त्यावर लिहिलेलं असतं. पाच वादक बसवले, वर हिचचे ३०० पौंड, की तो आकडा तिथेच संपत येतो. दोघांना दुसऱ्या गाडीत पाठवा.

आता उष्णता. फिनिक्स साधारण ११०० फुटांवर, फ्लॅगस्टाफ ७००० वर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोहोचेपर्यंत जवळजवळ पाचवा हिस्सा गेलेला असतो. ऑटोमॅटिक गिअर सारखे खालीवर करायला लागला की त्याचं तेल तापतं. लिव्हर चौथ्यावर ठेवा, पाचवा विसरा. उतरतानाही वेग खालच्या गिअरने धरा, नुसत्या ब्रेकने नाही. तुमच्या काट्यावर फक्त इंजिनचं तापमान दिसतं, गिअरबॉक्सचं नाही. ते दाखवणारा, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ओबीडी स्कॅनर स्वस्तात मिळतो. २२० फॅरनहाइटपर्यंत निर्धास्त राहा, २५० ला बाजूला थांबा.

आणि रेडिएटर मूळचाच असेल तर गणपतीआधी बदला, यात घासाघीस नको. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असते. जुनी झाली की आतल्या आत फुटते, कूलंट आणि तेल एकत्र होऊन गुलाबी मिल्कशेक तयार होतं आणि गिअरबॉक्स बाद. नव्या रेडिएटरबरोबर वेगळा ऑइल कूलर बसवून घ्या आणि तेलही बदला. ‘लाइफटाइम’, म्हणजे तेल कधी बदलायलाच नको, या शब्दावर जाऊ नका. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं तेल मी तीस हजार मैलांवर बदलायला सांगतो. तेवढ्यात रेडिएटरच्या पंख्याला इंजिनशी जोडणारा फॅन क्लचही तपासा. तापलेलं इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला आणि तो भिंगरीसारखा फिरत राहिला, तर क्लच मेलाय.

ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, ते ॲरिझोनाच्या उन्हात वाळतात. टायरच्या कडेला ‘DOT’ (डीओटी) या अक्षरांपुढच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शाबूत असली तरी काढा. बेअरिंगला वर्षातून एकदा ग्रीस.

राहिली पिकअप. एवढ्या ट्रेलरसाठी नको, आणि या खर्चाचा वाटा सुपारीच्या पैशांतून बिनदिक्कत मागा. एका ॲक्सलच्या अशा ट्रेलरवर बहुधा कमाल २,९९० पौंड लिहिलेलं असतं, कारण अनेक राज्यांत ३,००० पासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. उद्या पथकाने मोठी साउंड सिस्टीम घेतली की दोन ॲक्सलचा, ब्रेकवाला ट्रेलर लागेल. तेव्हा पिकअपचा विषय पथकाच्या बैठकीत काढा, घरी नाही.