आवाज बदलता येतो, पुढे काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ॲनिमेशनपटांतील पात्रांना आवाज देण्याच्या व्यवसायाविषयी होती. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी नाशिकमधील एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. म्हातारी, लहान मुलगा, मांजर, राक्षस असे अनेक आवाज मला काढता येतात आणि स्नेहसंमेलनात त्यांना दाद मिळते. ॲनिमेशनमधील पात्रांना आवाज देणे हाच व्यवसाय करावा, असे मनात आहे. घरचे म्हणतात की, मुंबईला राहायला गेल्याशिवाय यात काही होत नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : तुमच्याजवळ असलेले कौशल्य खरे आहे, परंतु या व्यवसायात ते दुसऱ्या क्रमांकाचे आहे. पहिल्या क्रमांकावर अभिनय येतो. अमेरिकेतील मेल ब्लँक (१९०८–१९८९) यांचे उदाहरण मला यासाठी फार मोलाचे वाटते. बग्ज बनी, डॅफी डक आणि पोर्की पिग ही पात्रे त्यांच्या आवाजाने घरोघरी पोहोचली. यांपैकी पोर्की हे तोतरे बोलणारे पात्र आधी जो डॉहर्टी नावाच्या नटाकडे होते आणि तो नट प्रत्यक्षातही तोतरा होता. बोलणे अडले की ते त्याच्या ताब्यात राहत नसे, त्यामुळे ध्वनिमुद्रण लांबत जाई आणि खर्च वाढे. १९३७ मध्ये ती भूमिका ब्लँक यांच्याकडे आली. त्यांनी तोतरेपणाचा अभिनय केला, म्हणजे कोणत्या अक्षरावर अडायचे, किती वेळ अडायचे आणि शेवटी तो शब्द सोडून दुसराच कोणता उच्चारायचा, हे सारे विनोदाच्या वेळेनुसार ठरवले. खरा तोतरेपणा असलेल्या माणसापेक्षा तोतरेपणा समजून घेतलेला नट त्या पात्राला अधिक उपयोगी पडला. तुमचा म्हातारीचा आवाज कितीही हुबेहूब असला, तरी ती म्हातारी घाबरलेली असताना, खोटे बोलत असताना किंवा नातवावर लटके रागावलेली असताना कशी बोलेल, हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. निवड करणारा दिग्दर्शक नेमके तेच ऐकत असतो.

कामाचे दोन प्रकार समजून घ्या, कारण दोहोंची तयारी वेगळी आहे. मूळ निर्मितीत बहुधा आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रकार नंतर त्या आवाजाबरहुकूम पात्राचे ओठ, भुवया आणि हातवारे चितारतात. येथे कलाकारासमोर कच्ची रेखाचित्रे आणि संहिता एवढेच असते, त्यामुळे त्याला मोकळीक मोठी मिळते. (जपानमध्ये मात्र मूळ निर्मितीतही चित्र आधी आणि आवाज नंतर, अशीच पद्धत रूढ आहे.) आपल्याकडे अधिक काम मिळते ते डबिंगचे. त्यात चित्र तयार असते, कानावरच्या हेडफोनमधून परभाषेतील मूळ संवाद ऐकू येतो आणि तेवढ्याच अवधीत आपल्या भाषेतील वाक्य बसवावे लागते. प, ब, म उच्चारताना ओठ मिटतात, म्हणून पडद्यावरच्या पात्राचे ओठ मिटतील तेथे असा वर्ण आला तर डबिंग डोळ्यांना खटकत नाही. चांगला अनुवादक हे लिहितानाच साधतो; जेथे साधलेले नसते तेथे कलाकाराला माइकसमोर उभ्या उभ्या शब्द बदलावा लागतो. याखेरीज धावताना लागणारी धाप, पडताना निघणारा हुंकार, गिळणे, हुंदका, झोपेतला सुस्कारा हे सारे वेगळे मुद्रित करावे लागते आणि नवख्या कलाकाराची दमछाक बहुधा येथेच होते.

आता नाशिकचे पाहू. आपल्या शहरात राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र आहे, कालिदास कलामंदिर आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, आकाशवाणीचे केंद्रही आहे. पुढची दोन वर्षे तुम्ही एखाद्या नाट्यसंस्थेत काढावीत, असे मी आग्रहाने सांगेन. मिळेल ती भूमिका करा आणि नभोनाट्याची किंवा निवेदनाची संधी आली, तर ती सोडू नका, कारण केवळ स्वराच्या आधारे माणूस उभा करण्याची सवय नभोनाट्याइतकी दुसऱ्या कशाने लागत नाही. स्वतः ब्लँकदेखील रेडिओवरूनच या क्षेत्रात आले. काम बहुतांश हिंदीतून मिळते, हेही लक्षात ठेवा. आपल्या हिंदीत मराठीचा हेल उतरतो, आणि ‘चमचा’, ‘जागा’ यांसारख्या शब्दांतला आपला दंततालव्य च-ज हिंदीत चालत नाही. रोज पानभर हिंदी मोठ्याने वाचून ते ध्वनिमुद्रण स्वतः ऐकल्याखेरीज हा दोष जाणार नाही. मराठी मातृभाषा असणे हा मात्र यात मुळीच अडसर नाही. मेघना एरंडे यांनी ‘निंजा हातोरी’ हे पात्र हिंदीतून लहान मुलांच्या इतके जवळचे केले आहे की, वेगळे उदाहरण शोधावे लागू नये.

मुंबईला लगेच बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही. डबिंगचे स्टुडिओ मुख्यतः अंधेरी आणि आसपासच्या भागात आहेत. तेथे आवाजाची चाचणी देण्यासाठी पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येते. आधी दीड-दोन मिनिटांचा नमुना तयार करा. त्यात दहा आवाज भरण्यापेक्षा तीन पात्रे घ्या आणि प्रत्येकाच्या मनःस्थितीत एक बदल दाखवा. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, पंखा बंद करून, माइकपासून वीतभर अंतरावर मुद्रण केले तर घरीही ते स्वच्छ होते. पहिली कामे बहुधा ‘क्राउड’ची, म्हणजे बाजारातल्या किंवा वर्गातल्या गर्दीच्या आवाजांची मिळतील. ती मनापासून करा, कारण वेळेवर येणारा आणि दोन टेकमध्ये काम उरकणारा कलाकार डबिंग समन्वयकाच्या तेव्हापासूनच ध्यानात राहतो.

प्रश्न : आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि कार्टूनमधील पात्रांची उत्तम नक्कल करतो. त्याला आताच डबिंगमध्ये पाठवावे काय? आवाज फुटल्यावर त्याचे काम थांबेल का?
— एक पालक, नाशिकरोड

उत्तर : थांबेल, निदान मुलाच्या भूमिकांचे तरी थांबेल. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून मुलग्यांचे स्वरयंत्र वेगाने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज उतरतो. याच कारणामुळे जगभर मुलग्यांच्या पात्रांना पुष्कळदा स्त्रिया आवाज देतात. अमेरिकेतील नॅन्सी कार्टराइट १९८७ पासून ‘द सिम्प्सन्स’ या मालिकेतील बार्ट सिम्प्सन या खोडकर मुलाचा आवाज आहेत. १९३६ साली जन्मलेल्या जपानच्या मासाको नोझावा यांनी १९८६ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ या मालिकेतील गोकू या मुलाची भूमिका स्वीकारली आणि तो मोठा झाल्यावरही ती सांभाळली. मालिका वर्षानुवर्षे चालली, तरी मुलाचा आवाज मुलाचाच राहतो, ही निर्मात्याची मोठी सोय त्यातून होते.

मुलाला पाठवायचेच असेल, तर कायदा आधी समजून घ्या. चौदा वर्षांखालील बालकलाकाराला काम देण्यापूर्वी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, सलग २७ दिवसांहून अधिक काळ काम लावता येत नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. आवाज फुटण्याच्या काळात मात्र त्याला जुन्या पट्टीत ओरडायला लावू नका. त्या वयात ताणलेला गळा पुढे त्रास देऊ शकतो, आणि कोणतीही भूमिका त्या मोलाची नाही.

प्रश्न : दादासाहेब फाळके आपल्या नाशिकचे. त्यांनी ॲनिमेशनही केले होते असे वाचले. त्याला आवाज होता का?
— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतील काड्या चौकटीगणिक सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काळ मूकपटांचा असल्याने त्याला ध्वनी नव्हता. पुढे १९२८ मध्ये मिकी माऊसचा ध्वनियुक्त पट आला आणि मिकीचा आवाज बरीच वर्षे स्वतः वॉल्ट डिस्ने देत राहिले. आपल्या विषयाशी जुळणारी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ हा शेवटचा मूकपट तयार होईपर्यंत बोलपट आले होते, म्हणून त्यावर नंतर ध्वनी चढवून तो प्रदर्शित करण्यात आला. तयार चित्रावर मागाहून आवाज बसवण्याचा हा आपल्याकडील फार जुना प्रयोग आहे आणि तो नाशिककराच्या चित्रपटावर झाला, याचा मला अभिमान वाटतो.

प्रश्न : मी काही मालिकांचे डबिंग केले आहे. श्रेयनामावलीत नाव येत नाही, आणि आता संगणकच माझ्या आवाजाची नक्कल करील अशी भीती वाटते. काय काळजी घ्यावी?
— एक आवाज कलाकार, इंदिरानगर

उत्तर : नावाचा आग्रह धरा, तो मानापुरता नाही. पुष्कळ वर्षे बग्ज बनीचे पट काढणाऱ्या अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या पटांवर आवाजाचे श्रेय फक्त ब्लँक यांना मिळे आणि जून फोरे यांच्यासारख्या थोर कलावतीचे नाव दिसत नसे. आपल्याकडे त्याला कायद्याचीही बाजू आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि ज्याचे नाव व्यवसायाच्या प्रथेप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला ‘सादरकर्ता’ म्हणून मिळणारे बहुतेक हक्क मिळत नाहीत. आपले सादरीकरण विकृत करण्यास हरकत घेण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे उरतो. नाव नसणे हे उद्या तुमचे काम किरकोळ ठरवण्याचे निमित्त होऊ शकते.

संगणकी नकलेची भीती रास्त आहे, पण तुम्ही अगदीच असहाय नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे होणारी अनधिकृत नक्कल अंतरिम आदेशाने रोखली. त्याच महिन्यात अमेरिकेतील व्हिडिओ गेमच्या आवाज कलाकारांनी याच प्रश्नावर संप पुकारला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. प्रसिद्ध गायकाला मिळालेले संरक्षण अनोळखी कलाकाराला तितक्या सहज मिळेल, असे मात्र मी म्हणणार नाही. म्हणून तुमची ढाल करारातच हवी. ‘सर्व माध्यमांत, सर्व कारणांसाठी, कायमस्वरूपी’ अशा शब्दांवर डोळे मिटून सही करू नका. मुद्रण कोणत्या मालिकेसाठी आणि कोणत्या भाषेसाठी आहे ते लिहून घ्या, आणि आवाजाचा वापर संगणकाला शिकवण्यासाठी किंवा त्यावरून कृत्रिम आवाज घडवण्यासाठी स्वतंत्र लेखी संमती व स्वतंत्र मोबदल्याशिवाय करता येणार नाही, असे कलम घालण्याची मागणी करा. निर्माता त्यास नकार देऊ लागला, तर निदान त्याचे कारण ई-मेलवर मागा आणि ते उत्तर कराराच्या प्रतीसोबत जपून ठेवा.