कानोसा : रेगन यांची तीन मिनिटं

प्रश्न : ताई, मी मिरजेचा, बँकेतून निवृत्त झालेला. मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो तेव्हा त्याने सिमी व्हॅलीचं रेगन ग्रंथालय दाखवलं. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी रोज रेडिओवर बोलायचे, हे तिथे कळलं. आता त्यांची ती जुनी भाष्यं मिळतील तशी ऐकतो आहे. इंग्रजी सोपं आहे, पण विषय पन्नास वर्षांपूर्वीचे आणि परक्या मुलखातले. पनामा कालवा, सोव्हिएत रशियाशी अण्वस्त्रं मर्यादित ठेवण्याचा सॉल्ट करार, असलं सगळं. बायको म्हणते, "मेलेल्या पुढाऱ्याचा प्रचार कशाला ऐकत बसलाय?" कुठून सुरुवात करू आणि नेमकं ऐकू काय?

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुमच्यापेक्षा नेमका आहे, म्हणून आधी त्यांना उत्तर देते. वहिनी, प्रचारच आहे तो. जानेवारी १९७५मध्ये रेगन यांचं कॅलिफोर्नियाचं गव्हर्नरपद संपलं. चौसष्टी जवळ आलेली, हातात सत्ता नाही, डोळा मात्र व्हाइट हाउसवर. अशा माणसाला लोकांच्या कानावर राहायचं होतं. सीबीएस या अमेरिकी वाहिनीने त्यांना टीव्हीवर भाष्य करायला बोलावलं होतं, पण त्यांनी रेडिओ निवडला. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या चेहऱ्याला लोक कंटाळतात, आवाजाला कंटाळत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता, असं त्यांचे सहकारी सांगत. आकाशवाणीत उमेदीची वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला हे ऐकून बरं वाटणारच.

पण प्रचार म्हणून कान झाकून घ्यायचे तर निम्मा रेडिओ बंद करावा लागेल. या भाष्यांत ऐकण्यासारखं आहे ते असं, की सत्तेबाहेरचा एक माणूस आठवड्याचे पाच दिवस, जेमतेम तीन मिनिटांत, स्वतःचं म्हणणं घडवतो आहे. पुढे आठ वर्षं अमेरिका ज्या विचारांवर चालली, त्यातले बरेचसे इथे कच्च्या स्वरूपात सापडतात. कर कमी करा, सोव्हिएत रशियाशी करार करताना डोळे उघडे ठेवा, सरकार आपल्या स्वयंपाकघरात शिरतंय ते थांबवा. १९८१नंतर हे ऐकून ज्यांना धक्का बसला, त्यांनी रेडिओ लावला नव्हता एवढंच.

आता तुमचं, काका. पनामापासून सुरुवात करू नका. त्यासाठी आधी १९७७चे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे, कालवा पनामाच्या हवाली करण्याचे करार वाचावे लागतील आणि तोवर तुमचा उत्साह मावळेल. आधी कालकुपीची गोष्ट शोधा. शंभर वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये उघडायच्या एका कालकुपीसाठी रेगन यांना पत्र लिहायला सांगितलं होतं. एका बाजूला पॅसिफिक, दुसरीकडे सांता इनेझचे डोंगर, आणि गाडीतून जाताना हे विचार करतायत की काय लिहावं. अण्वस्त्रांपाशी येऊन ते थांबतात. आपण ती डागली की नाही, हे पत्र वाचणाऱ्यांना माहीत असेल, आपल्याला नाही. ऑगस्ट १९७६मध्ये कॅन्सस सिटीला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याकडून उमेदवारी हरल्यावर त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि नंतर रेडिओवरही आणली. त्यात ना आकडा, ना शिवी. राजकारण आहे, पण ते तुम्हाला बऱ्याच वेळाने जाणवतं.

ऐकताना बांधणीकडे लक्ष द्या. सुरुवातीला दोन-तीन वाक्यांची चुणूक असते, मग "आलोच परत", मग जाहिरातीची जागा, आणि मग मुख्य मजकूर. शेवटी ठरलेलं, "दिस इज रोनाल्ड रेगन. थँक्स फॉर लिसनिंग." त्या चुणुकीत ते विषय सांगत नाहीत, प्रश्न टांगून ठेवतात. आमच्याकडे रेडिओवर भाषण वाचायला येणारे प्राध्यापक पहिली दोन मिनिटं प्रस्तावनेत घालवायचे. "सर, पहिल्या वाक्यात माणूस आणा," असं मी काचेपलीकडून खुणेने सांगायची आणि ते मान डोलावून "वस्तुतः" म्हणत पुढे वाचायचे. रेगन यांच्या पहिल्या वाक्यात बहुतेक वेळा कुणीतरी असतं. कुठला शेतकरी, कुणा बाईचं आलेलं पत्र, परवान्यासाठी खेटे घालणारा दुकानदार.

आणि इथेच कान टवकारायचे. शिकागोची एक बाई त्यांच्या प्रचारात वारंवार येते, रेडिओवरही आली. १९७६च्या प्रचारसभांत ते सांगायचे की तिने ८० नावं, ३० पत्ते वापरून सरकारी मदत लाटली आणि वर्षाला दीड लाख डॉलरची करमुक्त कमाई केली. बाई खरी होती, फसवणूकही खरी होती. पण १९७७मध्ये कोर्टात तिच्यावर जे सिद्ध झालं ते दोन खोट्या नावांनी घेतलेले सुमारे ८,००० डॉलर. तिची इतर कृत्यं बघितली तर ती साधी लबाड नव्हे, अट्टल गुन्हेगार वाटते. तरीही अशा एका विलक्षण बाईला सरकारी मदत घेणाऱ्या सगळ्या गरिबांच्या रांगेत सर्वांत पुढे उभं केलं, की ऐकणाऱ्याच्या मनात उरलेल्यांचे चेहरे तिच्यासारखे होतात. आकडा चुकला तर पडताळता येतो, हे पडताळता येत नाही. मला त्यांचं राजकारण पटत नाही आणि ते सर्वांत कमी पटतं ते इथे. पण कारागिरी म्हणून हाच भाग मी पुनःपुन्हा ऐकते.

एका बैठकीत दोन-तीनच ऐका. ते स्वतः एका दमात पंधराच्या आसपास ध्वनिमुद्रित करून टाकायचे, पण तुम्ही तसं ऐकलंत तर तिसऱ्यानंतर सगळी एकसारखी लागतील. कॅलिफोर्नियात पुन्हा जाल तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हूवर इन्स्टिट्यूशनच्या संग्रहाची चौकशी करा. या भाष्यांची ध्वनिमुद्रणं तिथे जतन केलेली आहेत.

मध्येच मोठा खंड दिसला तर फाइल हरवली असं समजू नका. २० नोव्हेंबर १९७५ला त्यांनी उमेदवारी जाहीर केली. अमेरिकेत उमेदवाराला रेडिओने वेळ दिला तर प्रतिस्पर्ध्यालाही तेवढाच द्यावा लागतो. त्यामुळे त्यांची भाष्यं थांबली. उमेदवार असताना त्यांचे जुने सिनेमे दाखवायलाही टीव्ही स्टेशनं बिचकायची, हे त्यातलं गमतीचं प्रकरण. हरल्यावर १९७६च्या शरदात पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबर १९७९पर्यंत चालली. पुढच्याच महिन्यात ते पुन्हा उमेदवार होते.

प्रश्न : मी नांदेडला पत्रकारिता शिकते. आमचे सर म्हणतात, पुढारी स्वतः काही लिहीत नाहीत, ही भाष्यंसुद्धा पगारी लेखकांनीच लिहिली असणार. खरं काय?

उत्तर : तुझ्या सरांचा अंदाज बहुतेक पुढाऱ्यांच्या बाबतीत बरोबर ठरेल. रेगन यांच्याबद्दल अमेरिकेतले विद्वानही बराच काळ हेच धरून चालले होते, की नट आहे, दुसऱ्याचं लिहिलेलं छान म्हणतो. मग किरॉन स्किनर या अभ्यासक बाईंना सिमी व्हॅलीतल्या त्यांच्या खासगी कागदांत हस्तलिखितांचे गठ्ठे मिळाले. पिवळे, रेघांचे कागद, त्यावर त्यांचं अक्षर, शब्दांची त्यांनीच केलेली आखूड रूपं, खोडाखोड. हजाराहून जास्त भाष्यांपैकी किमान ६७० त्यांनी स्वतः लिहिलेली निघाली. २००१मध्ये त्यांचा संग्रह छापून आला तेव्हा रेगन नव्वदीचे होते. अल्झायमरची बातमी त्यांनी १९९४मध्येच जाहीर केली होती.

उरलेली भाष्यं पीटर हॅनफर्डसारख्या सहकाऱ्यांनी लिहिली. नुसतं ऐकून कुठलं कुणाचं ते ओळखता येईल अशी पैज मी लावणार नाही. एका गळ्यातून आलं की सगळं एकाचंच वाटतं. म्हणून तू ऐकण्याबरोबर छापील हस्तलिखितंही बघ. काय खोडलंय ते बघ. जड शब्द जातो, हलका येतो. लांब वाक्य मध्ये तोडलं जातं. रेडिओसाठी लिहायला शिकवणारा याहून चांगला पाठ मला तरी माहीत नाही, आणि हे मी त्यांची मतं बाजूला ठेवून म्हणते.

हे त्यांना आलं कुठून? सिनेमातून नव्हे. आयोवात १९३२पासून आधी डब्ल्यूओसी आणि मग डब्ल्यूएचओ स्टेशनवर ते खेळांचं धावतं वर्णन करत. शिकागो कब्ज संघाचा बेसबॉल सामना शिकागोत, रेगन डी मॉइनच्या स्टुडिओत. तारयंत्रावरून दोन-चार अक्षरांची सांकेतिक चिठ्ठी यायची आणि त्यावरून ते चेंडू, ऊन, धूळ, गर्दी सगळं उभं करायचे. एकदा तारच बंद पडली. मैदानात काय चाललंय कळेना आणि हवेत गप्प बसता येईना. त्यांनी फलंदाजाला एकामागून एक चेंडू रेषेबाहेर मारायला लावले, कारण बेसबॉलमध्ये तसे कितीही फटके मारले तरी धावफलक हलत नाही. तार जोडली जाईपर्यंत तो बिचारा मारत राहिला. हा किस्सा ते स्वतःच पुढे आयुष्यभर रंगवून सांगत आणि श्रोते हसत. मीही हसले, आणि लगेच मला ती शिकागोची बाई आठवली.

प्रश्न : आपल्याकडे माजी मुख्यमंत्री किंवा विरोधी नेते असे रोज आकाशवाणीवर बोलल्याचं का आठवत नाही? — डोंबिवलीहून

उत्तर : कारण ते बोललेच नाहीत. तारखा शेजारी ठेवून बघा. रेगन यांची भाष्यं १९७५च्या जानेवारीत सुरू झाली. त्याच जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली, जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले आणि आकाशवाणीवर सरकारखेरीज कुणाचा आवाज उरला नाही. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवरून प्रचाराची वेळ मिळाली ती १९७७च्या निवडणुकीत, पहिल्यांदाच. त्याआधी विरोधी नेत्याचा आवाज ऐकायचा तर मैदानात जाऊन बसायचं.

आणीबाणी नसती तरी रेगन आमच्या स्टुडिओत टिकले नसते. आकाशवाणीची एक संहिता होती. मित्रदेशांवर टीका नको, राजकीय पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाने टीका नको. माझ्या टेबलाच्या काचेखाली तिचा कागद असायचा. गंमत म्हणून एका संध्याकाळी रेगन यांची काही भाष्यं मी त्या कागदाला लावून बघितली. एकही स्क्रिप्ट सहीपर्यंत पोचलं नसतं.

अर्थात अमेरिकेतही तेव्हा मोकळं रान नव्हतं. वादाच्या विषयावर स्टेशनने दुसरी बाजूही ऐकवली पाहिजे, असा नियम तिथे १९४९पासून होता. १९८७मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याचा कायदा करायचं ठरवलं, तेव्हा नकाराधिकार वापरून तो अडवणारे राष्ट्राध्यक्ष होते रेगन. त्याच वर्षी तो नियमही गेला. तिथल्या रेडिओवर आज तासन्‌तास एकतर्फी गर्जना चालते, तिचा रस्ता तेव्हा मोकळा झाला. स्वतः नियमात राहून बोलत होते तेव्हा ते जास्त चांगलं बोलत, असं माझं मत आहे.

आपल्या संग्रहातलं काही ऐकायचं असेल तर १२ नोव्हेंबर १९४७चं गांधीजींचं भाषण शोधा. दिल्लीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये ते तेवढे एकदाच गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांना त्या दिवशी प्रत्यक्ष भेटता येत नव्हतं, म्हणून रेडिओवरून बोलले. रेगन यांच्यानंतर लगेच ते लावू नका. गांधीजींना माइकची फिकीर नाही. कान जुळायला थोडा वेळ जातो.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष झाल्यावरची त्यांची शनिवारची भाषणंही मिळतात. ती ऐकावीत का?

उत्तर : अभ्यासाला, हो. आनंदासाठी नको. एप्रिल १९८२पासून ती सुरू झाली आणि त्यांत सरकार बोलतं, माणूस कमी बोलतो. त्या ध्वनिमुद्रणांमधलं जगाच्या सर्वांत लक्षात राहिलेलं वाक्य तर भाषणात नव्हतंच. ११ ऑगस्ट १९८४ला माइक तपासताना त्यांनी थट्टेत म्हटलं, की रशियाला कायमचं बेकायदा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली आहे, पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू. ते बाहेर फुटलं आणि मॉस्को भडकलं. ज्याचं निम्मं आयुष्य माइकपुढे गेलं, त्याने माइक बंद आहे असं धरून चालावं, हे मला आजही उलगडत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना ऐकायला कमी येतं. ही ध्वनिमुद्रणं त्यांना नीट ऐकू यावीत म्हणून वेग कमी करू का? — साताऱ्याहून

उत्तर : वेगाला हात लावू नका. रेगन मुळातच सावकाश बोलतात आणि वाक्यानंतर थांबतात. वेग कमी केलात तर तो थांबा लांबतो आणि वडिलांना वाटतं, संपलं. त्याऐवजी बास कमी करा आणि ट्रेबल थोडं वाढवा, म्हणजे स, त, क ही अक्षरं वेगळी कळतील. फोनच्या स्पीकरपेक्षा साधा टेबलावरचा स्पीकर बरा. तो वडिलांच्या चांगल्या कानाच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवा, पंखा एकवर आणा. कानात यंत्र असेल तर इअरफोन वरून कोंबू नका, शिट्टी वाजते. आणि सुरुवातीची चुणूक वगळू नका, वडील विषय तिथेच पकडतील.