वाचकांचे प्रश्न: कव्हर लेटरमध्ये नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: मी बी.कॉम. आहे, कळव्यात राहतो. दोन वर्षं एका सीएंच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीचं काम करतोय. वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत अकाउंट्स असिस्टंटसाठी अर्ज टाकतो, पण कुठूनच बोलावणं येत नाही. रेझ्युमेत सगळं दिलेलं असताना कव्हर लेटरमध्ये पुन्हा काय लिहायचं?

उत्तर: रेझ्युमे तुमचं सगळं काम सांगतो. त्यातलं या जागेला काय उपयोगी पडेल, एवढंच पत्रात यायला हवं. म्हणून आधी जाहिरात समोर घ्या आणि त्यात मागितलेल्या कामांखाली रेघ मारा. समजा 'टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, व्हेंडर रिकन्सिलिएशन (पुरवठादाराच्या हिशेबाशी आपला हिशेब जुळवणं)' असं मागितलंय. यातली तुम्हाला पक्की येणारी दोन कामं निवडा आणि पत्राचा मोठा भाग त्यांनाच द्या.

'मी मेहनती, प्रामाणिक आणि टीममध्ये काम करणारा आहे' हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. त्याऐवजी असं काही लिहा (२बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारं विवरण, ३बी म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न): 'सध्या तीन क्लायंटची खरेदी बिलं मी टॅलीत चढवतो. १४ तारखेला जीएसटीआर-२बी आला की तो खरेदी रजिस्टरशी जुळवतो. जी बिलं दिसत नाहीत त्यांची यादी करून व्हेंडरकडे पाठपुरावा करतो आणि २० तारखेला ३बी भरण्याआधी ती यादी सरांना देतो.' अकाउंट्स मॅनेजरला यातून लगेच कळतं की माणसाने हे काम हाताने केलंय. बिल २बीत आलं नाही तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, अडकतं, ही त्याची दर महिन्याची डोकेदुखी असते. आकडे मात्र खरेच द्या, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांवरच येतो.

पत्र दोनशे-अडीचशे शब्दांत संपवा. कोणत्या पदासाठी अर्ज, जाहिरात कुठे पाहिली आणि सध्या काय करता हे सुरुवातीच्या दोन ओळींत येऊ द्या. मग वरचा पुरावा. त्यानंतर याच कंपनीत का, ते एका वाक्यात. 'आपल्या नामांकित कंपनीत' हे शब्द खोडा आणि कंपनी काय करते ते तिच्या वेबसाइटवर बघा. माल निर्यात होत असेल आणि तुम्ही एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठी द्यायचं हमीपत्र) किंवा जीएसटी रिफंडचं काम केलं असेल, तर ते सांगायची जागा हीच. शेवटी नोटीस पिरियड आणि मोबाइल नंबर.

ईमेलने पाठवताना हा मजकूर मेलमध्येच लिहा, रेझ्युमे पीडीएफ करून जोडा. फाइलला तुमचं नाव आणि पद द्या, 'न्यू रेझ्युमे फायनल २' नको. विषयाच्या ओळीत पदाचं नाव जाहिरातीत आहे तसंच लिहा. दहा कंपन्यांना एकाच मेलमध्ये सीसी करू नका. जुनंच पत्र वापरलंत, तर आधीच्या कंपनीचं नाव कुठे राहिलंय का ते पाठवण्यापूर्वी शोधा. त्या एका चुकीने चांगला अर्जही बाद होतो.

प्रश्न: मी घणसोलीत राहते, एम.एस्सी. केमिस्ट्री. फार्मा कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये पाच वर्षं होते, मुलीच्या जन्मानंतर चार वर्षं घरी आहे. तळोजा एमआयडीसीतल्या जागेसाठी अर्ज करतेय. हा खंड लिहावा की लपवावा?

उत्तर: लिहा, पण एकाच वाक्यात आणि माफी न मागता: 'कौटुंबिक जबाबदारीमुळे चार वर्षांचा खंड होता, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे.' तारखांवरून तो कळतोच, लपवला तर शंका वाढते. फक्त सुरुवात त्याने करू नका. मुलीचं वय, पतीची नोकरी यांचीही गरज नाही.

आधी काम येऊ द्या, तेही नेमकं. नुसतं 'एचपीएलसीचा (औषधातले घटक वेगळे करून मोजायच्या तंत्राचा) अनुभव' पुरत नाही. 'असे' (assay, मुख्य औषधाचं प्रमाण मोजणं) केली की रिलेटेड सबस्टन्सेस (अशुद्धी) तपासल्या, सिस्टिम सुटेबिलिटी (यंत्रणा चाचणीला योग्य आहे का याची तपासणी) स्वतः बघत होता का, यंत्राचं सॉफ्टवेअर एम्पॉवर होतं की क्रोमेलिऑन, हे लिहा. मेथड व्हॅलिडेशनची (चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करण्याची) आयसीएच क्यू२ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका तुमच्या खंडाच्या काळात, २०२३ मध्ये, सुधारली गेली. अर्ज करण्याआधी ती वाचून काढा आणि तसं एका ओळीत नमूद करा. चार वर्षांत विषय सुटलेला नाही, हे त्यातून दिसतं.

जाहिरातीत शिफ्टची अट असेल तर प्रवासाचंही सांगा. घणसोलीहून पनवेल लोकलने बेलापूर आणि तिथून मेट्रोने तळोज्याजवळचं पेंधर असा मार्ग आहे. पहिली शिफ्ट गाठता येते का, हे वेळापत्रक बघून ठरवा आणि मगच लिहा.

प्रश्न: आयटीआय फिटर आहे, रबाळ्यात कारखान्यांत अर्ज द्यायचाय. पत्र मराठीत चालेल का?

उत्तर: जाहिरात मराठीत असेल तर बिनधास्त मराठीत. इंग्रजीत असेल तर साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत. कुणाकडून भारदस्त इंग्रजी लिहून घेतलंत तर मुलाखतीत पंचाईत होते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधली वर्ड फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, अप्रेंटिसशिप कुठे केली आणि कोणत्या मशीनवर हात बसलाय, एवढं चार-पाच ओळींत पुरे.

प्रश्न: अपेक्षित पगार, आधार आणि पॅन नंबर पत्रात द्यावेत का?

उत्तर: पगार विचारला असेल तरच, आणि महिन्याचा की वर्षाचा ते स्पष्ट करून. आधार, पॅन, बँक खातं अर्जाच्या टप्प्यावर अजिबात देऊ नका. ते नोकरी पक्की झाल्यावर, रुजू होताना लागतात. 'रजिस्ट्रेशन' किंवा 'ट्रेनिंग'च्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.