वजन ठीक असतानाही खाण्याचा विकार असू शकतो का? कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय: मुलगी अकरावीत आहे, डबा तसाच परत येतो, घरी जेवली की लगेच बाथरूममध्ये जाते, वजन ठीक आहे आणि फॅमिली डॉक्टर अ‍ॅसिडिटी म्हणताहेत.

असू शकतो. वजनावर तर अजिबात विसंबू नका. मी डॉक्टर नाही, पण कॉलेजची चार वर्षं मला बुलिमिया, म्हणजे ताबा सुटून खायचं आणि मग उलटी करून वगैरे ते ‘फेडायचं’ असा विकार, होता आणि त्यात माझं वजन कुणाच्या डोळ्यांत भरावं इतकं कधी उतरलंच नाही. उलट घरात कौतुक! संकष्टी, गुरुवार, एकादशी, सगळे उपवास मी धरायचे. आजी शेजारणींना सांगायची, आजकालच्या पोरींत एवढी श्रद्धा कुठे. रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभ्या उभ्या लाडू, शिळ्या पोळ्या, नुसती साखर, हाताला लागेल ते. पोट दुखेपर्यंत. मग बादलीत नळ सोडायचा, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. सारखी उलटी करून कानाखालच्या लाळग्रंथी सुजल्या, तर आई म्हणाली, ‘गाल भरलेत, छान दिसतेस.’

पकडलं ते दातांच्या डॉक्टरांनी. दाढ ठणकत होती म्हणून गेले होते. बाईंनी तो छोटा आरसा वरच्या पुढच्या दातांमागे धरला, बराच वेळ बघितलं आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आलं की त्या दातांची मागची बाजू झिजते. नुसत्या अ‍ॅसिडिटीनेही झिजू शकते, म्हणून त्यांनी आरोप केला नाही. माझा उजवा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी पडलेले घट्टे बघून हळूच विचारलं. या घट्ट्यांना रसेलची खूण म्हणतात. जेराल्ड रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९७९ साली बुलिमियाचं वर्णन केलं, त्यांचं नाव. सगळ्यांच्या हातावर ती नसते, त्यामुळे मुलीचे हात स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं ते बोलून बोलूनच. ताबा सुटून खाणं आणि मग ते ‘फेडणं’, हे आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने चाललं असेल तर तो बुलिमिया. फेडणं म्हणजे उलटीच असं नाही; जुलाबाची औषधं, अतोनात व्यायाम, उपाशी राहणं हेही त्यातच. माझे उपवास तिथे मोजले गेले! फेडणं नसेल आणि नुसतं ताबा सुटून खाणं असेल, तर तो बिंज इटिंग. त्याला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. अ‍ॅनोरेक्सियात वजन खरंच खूप कमी असतं आणि तरी जाड होण्याची भीती जात नाही. पाळी बंद होणं ही त्यातली अट त्याच वर्षी काढून टाकली, तेव्हा ‘पाळी नियमित आहे ना, मग काही नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

रक्ततपासणी आणि ईसीजी करतात ते निदानासाठी नव्हे, तर शरीराचं किती नुकसान झालंय ते बघायला. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि त्याचा हृदयाला धोका असतो. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाथरूमच्या दाराशी पहारा देऊ नका. माझ्या आईने दिला, मी गच्चीवर जायला लागले. ताटावर असताना विषयच नको. गाडीवरून कुठे जाताना, तोंडाकडे न बघता विचारलेलं बरं पडतं. कुठे न्यावं कळत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. आणि मुलगी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढताच बिथरत असेल, तर आधी दात दाखवायला न्या. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. डॉक्टरांना मात्र तुमची शंका आधी फोनवर सांगून ठेवा.