आधी शिफ्ट, मग डंबेल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत: बडोद्यात तरसालीच्या आयटीआयमधल्या भरती मेळाव्याला इलेक्ट्रिशियनच्या नोकरीसाठी काय तयारी करून जायचं, आणि घरी व्यायामासाठी काय घ्यायचं. तू दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरकायला निघाला आहेस. तसं करू नकोस. शिफ्ट ठरेपर्यंत सामानावर एक रुपयाही घालू नकोस. शहरातच मकरपुऱ्यात जनरल शिफ्ट, म्हणजे दिवसाची एकच ठरलेली पाळी, मिळाली तर तुझी संध्याकाळ मोकळी राहील. गावाबाहेर हालोलला तीन पाळ्यांत लागलास तर बसचा वेळ धरून दहा-अकरा तास बाहेर, आणि ते तासही पाळीबरोबर सरकणार. या दोन नोकऱ्यांना लागणारं सामान वेगळं आहे.

तर आधी मेळावा. एक गोष्ट समजून जा: त्या टेबलावर नोकरी मिळत नाही, यादीत नाव चढतं. निवड नंतर प्लांटवर बोलावून होते. टेबलामागे एचआरचा माणूस असतो, शेजारी कधी मेंटेनन्सचा इंजिनिअर. तुझ्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. तेवढ्यात तुझं नाव योग्य जागेसमोर, चालू फोन नंबरासह लिहिलं गेलं की दिवस कारणी लागला.

गुजरात सरकारच्या अनुबंधम या नोकरीच्या पोर्टलवर नोंदणी घरूनच करून जा, फुकट आहे. दारावर नोंदणीची रांग लागते आणि त्यात सकाळ जाते. कोणत्या कंपन्या येणार ते आधी कळलं तर इलेक्ट्रिशियनच्या जागा कुठे आहेत त्यावर खूण कर, आणि प्लांट सावली-मंजुसरला आहे, वाघोडियाला की पोरला, तेही पाहून ठेव. सगळ्यांत हवी असलेली कंपनी आधी गाठ. हवे तेवढे बायोडेटा जमले की एचआरवाले फाइल मिटून चहाला जातात.

बायोडेटा एक पान, बारा प्रती. वर नाव, फोन, राहण्याचा भाग, ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, टक्के. 'मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड' हा परिच्छेद काढून टाक. तो प्रत्येकाच्या पानावर असतो, म्हणून कोणी वाचत नाही. त्याजागी हाताने केलेली कामं लिही. 'मोटर वायंडिंगचं ज्ञान' असं मोघम नको. 'तीन एचपी मोटरचं डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर वायरिंग, मेगरने इन्सुलेशन तपासणी, क्लॅम्प मीटरने करंट मोजणी' असं हवं. मात्र लिहिशील त्यावर प्रश्न येणारच. जे केलं नाहीस ते लिहू नकोस.

आता कागदपत्रं. दहावीची मार्कशीट, शाळेचा दाखला, आयटीआयचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, मूळ प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये. हे सगळेच सांगतात. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत अडतं ते नावावर. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे असतं, आधारवर मागे. वडील एका कागदावर 'प्रकाश' आणि दुसऱ्यावर 'प्रकाशराव'. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक 'ए', कुठे दोन. टेबलावर याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रुजू झाल्यावर: पीएफच्या कायम क्रमांकाशी (यूएएन) आधार जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग तंतोतंत जुळावं लागतं. नाही जुळलं तर केवायसी लटकतं, आणि पुढे पैसे काढताना किंवा दुसऱ्या कंपनीत खातं हलवताना तेच आडवं येतं. म्हणून आजच सगळे कागद शेजारी-शेजारी मांड आणि एकेक अक्षर जुळव. आधार चुकीचं असेल तर आताच दुरुस्तीला दे. मेळाव्यापर्यंत झालं नाही तरी अर्जाची पावती हातात राहील. बँकेचं खातंही आधारला जोडलेलं आहे ना, हे शाखेत जाऊन विचार. अप्रेंटिसशिप मिळाली तर स्टायपेंडचा सरकारी वाटा अशाच खात्यात येतो.

तांत्रिक प्रश्न फार नसतात, पण असतात ते ठरलेले. 'स्टार-डेल्टा कशाला वापरतात?' याला 'करंट कमी करायला' हे अर्धं उत्तर झालं. पूर्ण उत्तर असं: मोटर थेट लाइनवर टाकली (हाच डीओएल) तर सुरू होताना फुल लोडच्या सहा-सात पट करंट खेचते. आधी स्टार जोडणीत सुरू करून वेग आल्यावर डेल्टात नेली की सुरुवातीचा लाइनचा करंट थेट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो. पण टॉर्कही एक तृतीयांशच राहतो, म्हणून भरलेला कन्व्हेअर अशा स्टार्टरवर उचलत नाही. हे शेवटचं वाक्य बोललास की इंजिनिअर मान वर करून बघेल. पुढचा प्रश्न बहुधा इंटरलॉकचा येतो. स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढले जाणारे स्विच, एकाच वेळी ओढले गेले तर तिन्ही फेज सरळ शॉर्ट होतात, म्हणून एकाचा एनसी, म्हणजे एरवी बंद राहणारा, संपर्क दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत घालतात. मेगरबद्दल विचारलं तर 415 व्होल्टच्या मोटरला 500 व्होल्टचा मेगर, आणि रीडिंग किमान एक मेगओहमच्या वर. येत नसेल तिथे 'हे मी केलेलं नाही' म्हण. ठोकून दिलेलं उत्तर त्यांना लगेच कळतं.

भाषेची धास्ती घेऊ नकोस. टेबलामागचा माणूस ज्या भाषेत विचारेल तीत बोल, गुजराती असो वा हिंदी. इंग्रजीत फक्त स्वतःची ओळख चार वाक्यांत करता आली की झालं.

मग तू विचारायचं. पहिला प्रश्न: जागा कंपनीच्या पे-रोलवर, कंत्राटदाराकडे, की अप्रेंटिसची? टेबलावर बोर्ड मोठ्या कंपनीचा असतो आणि नेमणूकपत्र कंत्राटदाराचं निघतं. तेवढ्यावरून नाकारू नकोस, पण तुला माहीत हवं. दुसरा प्रश्न पगाराचा, आणि इथे सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्याला भुलू नकोस. उदाहरण घे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 13,000, इतर भत्ते 2,500, म्हणजे महिन्याचा ग्रॉस 15,500. त्यातून तुझा पीएफ 12 टक्क्यांनी 1,560, ईएसआय (कामगार विमा) 0.75 टक्क्याने 117, आणि गुजरातचा व्यवसाय कर 200. हातात 13,623. पण कंपनी यात आपला पीएफ, आपला 3.25 टक्के ईएसआय, बोनस आणि ग्रॅच्युइटी मिळवून सीटीसी 19,400 च्या आसपास सांगते. दोन्ही आकडे खरेच असतात. म्हणून 'हातात किती, आणि कँटीन-बसचे कापून की न कापता?' एवढंच विचार. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का, हेही त्याच दमात.

अप्रेंटिसशिपला नाक मुरडू नकोस. त्यात पीएफ-ईएसआय नसतं, पैसे कमी, पण वर्षाअखेर परीक्षा देऊन जे प्रमाणपत्र मिळतं ते पुढे रेल्वेच्या आणि सरकारी उपक्रमांच्या जाहिरातींत मागतात. तुझ्या वयाला ते वर्ष परवडतं.

कोणी नोंदणी, ट्रेनिंग किंवा युनिफॉर्मच्या नावाने पैसे मागितले तर तिथून नीघ. मूळ कागद दाखवायचे, कोणाकडे ठेवायचे नाहीत. आणि प्रत्येक टेबलावरून उठलास की खिशातल्या वहीत कंपनी, जागा, माणसाचं नाव आणि 'कधी कळवणार' हे लिहून ठेव. चौथ्या टेबलानंतर सगळं एकमेकांत मिसळतं. आठ दिवसांत फोन आला नाही तर आपण करावा, एकदाच.

निवडीनंतर मेडिकल असते. इलेक्ट्रिशियनला रंगांची पारख तपासतात, कारण वायरचा रंग ओळखू येणं हेच काम आहे. उंचीवर चढायचं असेल तर चक्कर येते का तेही पाहतात. आदल्या रात्री जागरण आणि सकाळी जोर-बैठका करून गेलास तर ब्लडप्रेशर वर दिसेल. दोन दिवस व्यायाम हलका ठेव.

आता सामान. जनरल शिफ्ट मिळाली तर माझं मत स्पष्ट आहे: आखाड्यात जा. सयाजीरावांच्या काळापासून या गावाला व्यायामाची परंपरा आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि व्यायामगुरू प्रा. माणिकराव ही नावं त्यातूनच आली. जमिनीवर दहा माणसं घाम गाळताना दिसतात तिथे आळस टिकत नाही. पाळ्या फिरत्या असतील तर मात्र घरचंच सामान खरं, कारण आखाडा आणि जिम तुझ्या पाळीप्रमाणे उघडत नाहीत.

ट्रेडमिल घेऊ नकोस. पळण्याजोगा घ्यायचा तर पट्टा किमान 45 सेंटिमीटर रुंद आणि 130 लांब लागतो, मोटर कंटिन्युअस रेटिंगची, म्हणजे सतत चालताना किती ताकद देते ती, बघावी लागते, जाहिरातीत छापतात ती पीक एचपी नव्हे. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल, अर्थिंग असलेलं 16 अँपिअरचं सॉकेट, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी झोपलेले असताना रात्रपाळीनंतर धाडधाड. एवढं सगळं, पळायला कमाटीबागेसारखी बाग फुकट असताना, कशाला?

डंबेल घे, पण बघून. बाजारात वीस किलोचा स्वस्त सेट मिळतो तो पीव्हीसीचा, आत सिमेंटसारखा भराव. तो जाडा असतो, एकदा पडला की शिवणीवर तडकतो आणि भुकटी गळते. ओतीव लोखंडाच्या किंवा रबर चढवलेल्या प्लेट घे. आता हिशोब कर: दोन रॉड, दोन किलोच्या चार आणि तीन किलोच्या चार प्लेट, मिळून वीस. दोन्ही डंबेल सारखे ठेवायचे आणि प्रत्येकावर दोन्ही बाजूंना सारखंच चढवायचं, म्हणजे चार, सहा किंवा थेट दहा किलो. मधलं आठ नाहीच! खांद्याच्या व्यायामाला सहावरून दहावर जाता येत नाही. गेलास तर कंबर वाकवून झटका मारशील आणि खांदा दुखवून बसशील. म्हणून एक किलोच्या चार प्लेट जादा घे: तीन अधिक एक, आठ मिळालं. प्लेटचं भोक रॉडवर ढिलं बसत नाही ना पाहा. लॉक स्प्रिंगचं नको, आट्यांवर बसणारं, आत रबराची वायसर असलेलं स्टार नट हवं, तेही प्रत्येक सेटआधी हाताने आवळायचं. दुकानात काट्यावर वजन करून घे.

पुल-अप बार दाराच्या चौकटीत घट्ट फिरवून बसवायचा असतो तो फक्त जुन्या जाड सागवानी चौकटीला. अॅल्युमिनियम किंवा पीव्हीसीच्या चौकटीत तो घसरतो आणि माणूस पाठीवर आपटतो. भिंतीवर लावायचा तर काँक्रीटच्या बीमवर, 10 मिलिमीटरच्या अँकर फास्टनरने. नुसत्या प्लास्टरवर किंवा पोकळ ब्लॉकवर नाही. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारून.

रबरी बँड फिरत्या पाळीला उत्तम, पिशवीत मावतात. रंगावरून ताण ठरवू नकोस, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. गच्चीत ऊन लागेल तिथे ठेवलेस तर मे महिन्यात लॅटेक्सला बारीक भेगा पडतात आणि तुटलेलं टोक तोंडावर बसतं. ओढण्याआधी पूर्ण लांबी बोटांतून फिरवून पाहायची. दोरीउडीच्या दोरीवर मधोमध उभा राहा, मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर.

मुद्गल मागशील तर पहिली जोडी प्रत्येकी दोन-अडीच किलोची पुरे. घरात घुमवण्याआधी हात वर ताणून मुद्गलाचं टोक पंख्यापासून किती लांब राहतं ते मोज. हातभर अंतर नसेल तर ती जोडी अंगणात किंवा गच्चीतच.

कळावे,
काका