घड्याळाकडे एक नजर

अमेरिकेतल्या अध्यक्षीय डिबेटमधली उमेदवारांची देहबोली, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार निवडले आहेत.

प्रश्न : १९६० च्या डिबेटमध्ये रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी, हे खरं का? (नाशिक)

पुरावा तोकडा आहे. ही गोष्ट मुख्यतः एकाच सर्वेक्षणावर उभी आहे, आणि त्यात रेडिओ ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते. ते आधीपासूनच निक्सनकडे झुकलेले नव्हते कशावरून? पण म्हणून चित्राचा परिणाम खोटा ठरत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात राज्यशास्त्राचे अभ्यासक जेम्स ड्रकमन यांनी हीच डिबेट काहींना नुसती ऐकवली, काहींना दाखवली. पाहणाऱ्यांचा कौल केनेडींकडे जास्त गेला.

त्या दिवशी, २६ सप्टेंबरला, शिकागोच्या स्टुडिओत दिसलं काय? निक्सन गुडघ्याच्या दुखापतीमुळे रुग्णालयात राहून आले होते, वजन उतरलं होतं. फिकट करडा सूट कृष्णधवल पडद्यावर मागच्या भिंतीत विरून गेला. दाढीची काळसर झाक लपवायला पावडर थापली होती, तिच्यावर घाम दिसू लागला. केनेडींचा सूट गडद होता, आणि उत्तर देताना ते सरळ कॅमेऱ्यात पाहत होते.

प्रश्न : व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात सांगतात की ९३ टक्के परिणाम आवाज आणि हावभावांचा, शब्दांचा फक्त ७ टक्के. मग मुद्दे मांडायचेच कशाला? (सोलापूर)

तो आकडा डिबेटचा नाहीच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं होती. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. भाषणाला हे गणित लावणं म्हणजे शुद्ध थाप.

खरा विचार करायला लावणारा प्रयोग वेगळाच आहे. बेंजामिन आणि शपिरो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या राज्यांच्या गव्हर्नरपदाच्या डिबेटमधले दहा सेकंदांचे तुकडे, आवाज बंद करून, उमेदवारांना न ओळखणाऱ्यांना दाखवले. कोण जिंकला असेल याचे त्यांचे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा बरे निघाले. आवाज चालू केल्यावर मात्र अंदाज बिघडले!

प्रश्न : एखाद्या हावभावाने निवडणूक हरल्याचं उदाहरण आहे का? (न्यू जर्सी)

नुसता हावभाव सहसा कुणाला पाडत नाही. मतदाराच्या मनात शंका आधीच असते. हावभाव तिला चित्र देतो.

१५ ऑक्टोबर १९९२, रिचमंड. देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली, असं एका बाईंनी विचारलं. प्रश्न चालू असतानाच तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली, आणि मग उत्तर देताना ते चाचपडले. प्रतिस्पर्धी क्लिंटन स्टुलावरून उठून बाईंच्या दिशेने चालत गेले आणि तुमच्यावर काय परिणाम झाला, हे आधी त्यांनाच विचारलं. बुश त्याआधीच जनमत चाचण्यांत मागे होते. बेकारीच्या दिवसांत ‘यांना आपलं काही पडलेलं नाही’ ही कुजबुजही होतीच. घड्याळाने तिच्यावर शिक्का मारला.

घात बहुधा दुसरा बोलत असताना होतो. २००० मध्ये बॉस्टनला धाकटे बुश बोलत असताना अल गोर मोठमोठे उसासे टाकत होते. डिबेट संपल्या संपल्या झालेल्या चाचणीत गोरच पुढे होते. नंतर वाहिन्यांनी तेच उसासे पुन्हा पुन्हा वाजवले आणि मत फिरलं. जून २०२४ मध्ये अटलांटाला ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद ठेवला होता, पण कॅमेरा चालूच होता. ट्रम्प बोलत असताना शेजारच्या चौकटीत ८१ वर्षांचे बायडेन तोंड अर्धवट उघडं ठेवून शून्यात पाहताना दिसले, बोलतानाही अडखळले. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली.

उलट उदाहरणही त्याच वर्षीचं. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात कमला हॅरिस स्वतः ट्रम्प यांच्या जागेपर्यंत चालत गेल्या, नाव सांगून हात मिळवला. पाहणाऱ्यांच्या चाचणीत त्या जिंकल्या, निवडणुकीत हरल्या.

प्रश्न : पालिका निवडणुकीआधी प्रभागातल्या उमेदवारांना एका व्यासपीठावर आणायचं आहे. मांडणीमुळे कुणावर अन्याय होऊ नये म्हणून काय पाहावं? (पुणे)

जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. खुर्च्या सगळ्यांना सारख्या आणि बिनचाकाच्या. फिरत्या खुर्चीत शांत माणूसही चुळबुळ्या दिसतो. हातोहात फिरणारा माइक टाळाच, कारण दांडगा उमेदवार तो सोडत नाही. प्रत्येकासमोर स्टँडवर वेगळा माइक आणि सगळ्यांचं बटण एकाच माणसाकडे. उत्तराला ९० सेकंद, प्रत्युत्तराला ३०. घड्याळ उमेदवारांना समोर मोठं दिसलं पाहिजे, म्हणजे मनगटाकडे पाहण्याची वेळ येणार नाही.

सर्वांत जास्त चुका प्रकाशात होतात. दिवे फक्त डोक्यावर असले की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि माणूस आजारी किंवा लबाड दिसतो. समोरून, डावी-उजवीकडून, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडे वर असे दोन दिवे लावा. आपल्याकडे निम्मे उमेदवार पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात येणार. मागे पांढरा फ्लेक्स असेल तर त्यांची गत निक्सनच्या सुटासारखी. शिवाय एवढं पांढरं पाहून मोबाइलचा कॅमेरा आपोआप प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. पडदा निळसर करडा घ्या, न चकाकणारा. चित्रीकरण करणाऱ्याने स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून प्रकाश पक्का करावा, आणि उमेदवार बदलला की पुन्हा.